पोहरादेवीच्या यात्रेला जाताना

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. बंजारा समाज त्याला आपली काशी म्हणतो. १७३९ साली जन्मलेले संत सेवालाल महाराज यांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रासह तेलंगणा आणि कर्नाटकातूनही लोक येतात. पांढरे झेंडे, नंगाऱ्याचा आवाज आणि सगळीकडे गोरबोली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचेही उद्घाटन झाले.

आपल्यापैकी अनेकांचे बंजारा शेजारी आहेत, वर्गमित्र आहेत, दुकानाचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांनी प्रेमाने बोलावले, तर तिथे वागावे कसे?

आधी थोडा इतिहास माहीत असावा. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून हा समाज देशभर फिरत असे. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तसा तो व्यवसाय बुडाला. पुढे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. बंजाराही त्यातून सुटले नाहीत. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली. म्हणून तांड्यावरून, भाषेवरून केलेला साधा विनोदही तिथे खोल लागतो. सूरह अल-हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करू नये, टोपणनावांनी हिणवू नये अशी स्पष्ट ताकीद आहे. ती यात्रेतही लागू आहे.

दुसरी गोष्ट फोटोची. वयस्कर बंजारा स्त्रियांचा आरसे-कवड्यांचा पोशाख आणि दंडभर पांढऱ्या बलिया पाहिल्या की मोबाइल लगेच वर येतो. बुरख्यातल्या आपल्या आईचा, बहिणीचा फोटो कुणी न विचारता काढला, तर आपल्याला काय वाटेल? तो पोशाख म्हणजे तमाशा नव्हे. आधी विचारावे, नाही म्हटले तर मोबाइल खिशात ठेवावा. वडीलधाऱ्या स्त्रीला ‘याडी’ म्हणजे आई म्हणून हाक मारली, तर परकेपणा निम्मा कमी होतो.

तिसरी आणि आपल्यासाठी नाजूक गोष्ट म्हणजे पूजा आणि जेवण. समाधीपुढे अरदास चालू असताना बाजूला शांत उभे राहावे. मधून ये-जा करू नये, हसू नये. आपण पूजेत सामील होत नाही, हे यजमानालाही ठाऊक असते. या यात्रेत नवसाच्या बोकडाची जुनी प्रथा आहे. ते मांस किंवा देवाला दाखवलेला भोग आपण घेत नाही. पण नाक मुरडून, हात झटकून नव्हे. “भाऊ, आमच्यात हे चालत नाही, राग मानू नका. पाणी मात्र नक्की घेतो,” एवढे हसून सांगितले की पुरते. तिथे हलाल-हरामवर व्याख्यान देऊ नये. इतर लोक ज्यांना पुजतात त्यांना अपशब्द बोलू नका, असे कुरआनने सूरह अल-अनआममध्ये बजावले आहे. नमाजची वेळ झाली, तर यजमानाला विचारून एका कडेची जागा घ्यावी.

मुलांनाही सोबत न्यावे. शेजाऱ्याची इज्जत राखायला आपला ईमान सोडावा लागत नाही आणि ईमान राखायला शेजाऱ्याला दुखवावे लागत नाही, हे त्यांना पुस्तकापेक्षा अशा ठिकाणी लवकर कळते. आणि परत आल्यावर पुढच्या ईदला त्याच घराला शिरखुर्म्याचे आमंत्रण द्यायला विसरू नये.