भोक असेल तर उचल

भिवंडीतले बहुतेक माग साधे, ग्रे म्हणजे कोरं कापड काढणारे. वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते त्या कारखान्यात मात्र काही मागांवर जकार्ड चढवलेलं होतं. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरायची. कार्ड सुयांवर दाबलं जायचं. भोक असेल तिथला हुक ताण्याचा धागा वर उचलायचा, नसेल तिथला धागा खालीच राहायचा. मधून धोटा पळाला की पुढचं कार्ड. खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून वडील आधी कार्डावर बोट ठेवायचे, मग कापडावरच्या फुलावर.

पुढे एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर क्लास लावला. सरांनी फळ्यावर 0 आणि 1 लिहिले. एवढ्यात फोटो कसा मावतो, म्हणून वर्ग हैराण. मला त्यात नवल वाटेना. भोक आहे किंवा नाही, हा झाला एक बिट. असे 8 मिळून बाइट. ओवलेली माळ म्हणजे प्रोग्रॅम. माळ बदलली की त्याच मागावर दुसरं फूल. पुस्तकातल्या हार्डवेअर-सॉफ्टवेअरच्या व्याख्या मात्र परीक्षेपुरत्याच कामाच्या होत्या.

माग आणि कॉम्प्युटर यांचं हे नातं माझ्या डोक्यातलं नव्हे, हे नंतर वाचनात आलं. फ्रान्समधल्या लियों शहरच्या जोसेफ मारी जकारने 1804 च्या सुमारास हा जकार्ड माग बनवला. चार्ल्स बॅबेजने आपल्या ॲनालिटिकल इंजिनासाठी तसलीच कार्डं योजली. त्याच्याकडे जकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं. त्या विणीला सुमारे 24,000 कार्डं लागली होती! 1890 च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोकं पाडलेल्या कार्डांवरूनच माणसं मोजली.

आता किती तरी माग भंगारात गेले आणि माणकोलीकडे गोदामं उठली. मीही तिथेच कामाला आहे. पार्सलवरच्या क्यूआर कोडातले काळे-पांढरे चौकोन म्हणजे पुन्हा तेच आहे-नाही. स्कॅनर त्यातून नंबर वाचतो आणि सर्व्हरला, म्हणजे दूर कुठेतरी अखंड चालू असलेल्या कॉम्प्युटरला, विचारतो: हे कुठे पाठवायचं? उत्तर येईपर्यंत पार्सल हातातच असतं.

कोड थोडा फाटला तरी वाचता येतो, कारण दुरुस्तीपुरती जादा माहिती त्यातच भरलेली असते. वडिलांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आमचं एक भोक चुकलं की दर फुलात तोच डाग, अख्खा तागा बाद. तुमचं बरंय, फाटलं तरी चालतं."