काचेच्या पेटीत कोण राहणार?

डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळच्या एका दुकानाबाहेर प्लास्टिकच्या टबात दहा-बारा हिरवी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. भाची माझा हात सोडून तिथेच उकिडवी बसली. "मावशी, घेऊया ना गं. टीव्हीशेजारी छान दिसेल." नाण्यापेक्षा जरा मोठं कवच, डोळ्यामागे कुंकवाचं बोट ओढावं तसा लाल पट्टा. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, तुला घरात एक देखणी, जिवंत पेटी हवी आहे, तर ती आपण करूच. पण तिच्यात कोण राहणार हे दुकानदार ठरवणार नाही, आपलं घर ठरवेल. घरी येऊन एक दोनशे पानी वही काढली. ही त्यातली टिपणं.

*

लाल कानाचं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. तळहातावरचं पिल्लू वाढून जेवणाच्या ताटाएवढं होतं. मादीचं कवच 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जातं. नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगतं. भाची आज दहाची आहे. ती चाळिशीला टेकेल तेव्हाही त्याचं पाणी कुणीतरी बदलत असायला हवं. शिवाय शेकडो लिटरची टाकी, दणकट फिल्टर, पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा, वर यूव्हीबी दिवा. दुकानदार सोबत देतो तो प्लास्टिकचा टब आणि त्यातलं खोटं नारळाचं झाड हे त्याचं घर नव्हे.

*

याच कासवाबद्दल जगाने काय ठरवलं ते एका पानावर उतरवलं. अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली, कारण मुलं त्यांना तोंडाशी नेत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. युरोपीय संघाने 1997 मध्ये आयात थांबवली. जपानने 2023 मध्ये विक्री आणि बाहेर सोडणं, दोन्हींवर बंदी आणली. आपल्याकडे ते अजून टबात मिळतं.

*

ठाण्यात एका तलावाच्या पायरीवर दुपारी कासव ऊन खात बसलेलं दिसलं. जवळ गेले, तर डोळ्यामागे तोच लाल पट्टा. कुणाच्या तरी घरात मोठं झालं असेल, टाकी पुरेनाशी झाली असेल, आणि रविवारी संध्याकाळी "मोकळं केलं" असेल. सोडणाऱ्याला पुण्य वाटतं. पण ऊन खायची ती पायरी आणि तळ्यातलं अन्न आपल्या मऊ पाठीच्या कासवाच्या वाट्याचं असतं. पाळलेलं परदेशी जनावर तलावात, खाडीत किंवा उल्हास नदीत कधीही सोडू नये. सांभाळणं खरंच अशक्य झालं तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावून विचारावं.

*

आई म्हणते, कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते. या समजुतीपायी स्टार कासवाची किती पिल्लं पिशव्यांत कोंबून शहरांत येतात! 2019 पासून ते सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणं गुन्हा आहे.

आईला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेले. जवळजवळ साडेनऊशे वर्षांचं देऊळ. परतताना तिला म्हटलं, आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, ते दगडाचं. हातपाय आवरून बसलेलं, कारण त्याने शिकवायचं आहे ते आवरणं. जिवंत कासव कोंडून ती शिकवण कशी मिळेल? आई काही बोलली नाही. पण घरी आल्यावर तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

*

कायद्याचं पान, भाचीला समजेल अशा शब्दांत:

आपल्या रानातलं काहीही उचलून आणायचं नाही. घोरपड, अजगर, नाग, मऊ पाठीचं कासव, कुणीच नाही. 1972 चा वन्यजीव कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे.

परदेशी जनावरांतही दोन गट. सायटीसच्या याद्यांत असलेली, म्हणजे बॉल पायथन, हिरवा इग्वाना, ॲक्सोलोटल अशी, घरात असतील तर त्यांची नोंद करावी लागते. कायद्यातली ही सुधारणा 2022 ची. तिचे नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न "केवढ्याला?" हा नाही. पहिला प्रश्न, "याची पैदास कुठे झाली, आणि कागद कुठे आहे?"

*

थर्मामीटर आणि आर्द्रतामापक आणला. दोन्ही एकाच डबीत येतात. भाचीने नोंदी घ्यायला सुरुवात केली. टीव्हीशेजारी, दुपारी तीन: 31. स्वयंपाकघराच्या खिडकीत: 34. आतल्या पॅसेजमध्ये: 28. एकाच घरात सहा अंशांचा फरक, आणि हा अजून फेब्रुवारी. जुलैत याच डबीत आर्द्रता नव्वदीला टेकेल आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येईल. आपण घाम पुसून पंख्याखाली बसतो. पेटीतल्याला उठून जाता येत नाही.

*

या आकड्यांनीच एकेक नाव खोडलं.

ॲक्सोलोटल: मेक्सिकोच्या थंड तळ्यातला. पाणी 16 ते 18 अंश हवं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीला गरम लागतं. चिलर चोवीस तास चालला तरच तो जगेल, आणि वीज गेली की संपलं. खोडला.

क्रेस्टेड गेको: न्यू कॅलेडोनियाचा, दिसायला मखमली. 28 अंशांच्या वर त्रास. खोडला.

लेपर्ड गेको: नवख्यांना नेहमी हाच सुचवतात. पण तो कोरड्या प्रदेशातला आहे. आमच्या पावसाळ्यात पेटी कोरडी ठेवणं हीच रोजची लढाई होईल. त्यातून त्याची रानटी भावंडं महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरांतही राहतात. विकायला आलेला रानातून उचललेला नाही याची खात्री मला देता येणार नाही. खोडला.

बिअर्डेड ड्रॅगन: ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाचा. तेच कारण.

भाची म्हणाली, "मग कोणीच उरणार नाही." म्हटलं, उरेल. आपली हवा ज्याला स्वतःची वाटते तो उरेल.

*

काचेबद्दल दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत.

उन्हात ठेवलेली काचेची पेटी बंद मोटारीसारखी तापते. सकाळचं कोवळं ऊनही थोड्या वेळात जीव घेऊ शकतं.

खिडकीच्या काचेतून उजेड येतो, पण यूव्हीबी किरणं जवळजवळ येत नाहीत. त्यांच्याशिवाय दिवसा वावरणाऱ्या सरड्यांची आणि कासवांची हाडं मऊ पडतात, कवच वेडंवाकडं होतं. "खिडकीत ठेवलंय की" म्हणणाऱ्या घरातलं कासव मी पाहिलं आहे. कवच बोटाने दबत होतं.

*

उरला तो व्हाइट्स ट्री फ्रॉग. उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा झाडबेडूक. पोपटी-हिरवा, गुबगुबीत, दहा सेंटिमीटरपर्यंत. उष्ण, दमट हवेतला. तीसच्या आसपासचा पारा सोसतो. कातडीवर मेणासारखा थर असल्यामुळे कोरड्या दिवसांतही तग धरतो. पंधरा वर्षं सहज जगतो. दिवसा हातपाय पोटाखाली घेऊन पानावर झोपतो, दिवे मंद झाले की जागा होतो. म्हणजे आपण ऑफिसातून, भाची क्लासवरून परतते त्या वेळी.

अटी: हातात खेळवायचा नाही, कारण बेडूक कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, आणि आपल्या हातावरचा साबणही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते काढायचं औषध घालूनच पाणी द्यायचं. खायला जिवंत झुरळं-रातकिडे, कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून. दोन बेडूक ठेवायचे तर सारख्या आकाराचे, नाहीतर मोठा धाकट्याला गिळतो. आणि सरपटणाऱ्यांचा, बेडकांचा डॉक्टर आधी शोधायचा, बेडूक नंतर.

*

पेटी: 45 बाय 45, उंची 60. झाडावर राहणाऱ्याला लांबीपेक्षा उंची लागते. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, वर जाळी, तिच्यावर कोकोपीट. पेरूच्या छाटलेल्या फांद्या उकळून, वाळवून तिरक्या लावल्या. मनीप्लांट, नेचे. बदामाची गळलेली पानं उकळून पसरली. मागच्या बाजूला काळ्या दगडाच्या कपच्या. झाकणाला बारीक जाळी. कुठेही प्लास्टिकचं फूल नाही. वॉचमनकाका डोकावून म्हणाले, "ताई, हे तर आमच्या गावच्या ओहोळाकाठासारखं झालंय."

*

1980 मध्ये नीलिमकुमार खैरे पुण्यात काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसोबत 72 तास बसले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग ते आत असताना त्यांना कसं वाटलं?" काचेच्या पेटीबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवला.

*

येऊर, पावसाळ्याची सुरुवात. डबक्यावर वाकलेल्या पानाला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला. आपल्याकडच्या झाडबेडकाचं घरटं ते. त्यातून छोटे जीव थेंबासारखे खाली पाण्यात पडतात. भाचीने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. शिळफाट्याच्या रस्त्याकडेला भातखाचरं होती तेव्हा पहिल्या पावसात पिवळेधमक बेडूक रात्रभर डरावत. आता तिथे टॉवर आहेत. घरातली पेटी त्या खाचरांची भरपाई नाही. पण पेटीसमोर उभं राहायला शिकलेली मुलगी उद्या डबक्यात राडारोडा टाकणाऱ्याला अडवेल, असं मला मनापासून वाटतं.

*

पेटी फेब्रुवारीपासून तयार आहे, रिकामी. मे बघितल्याशिवाय कुणाला आणायचं नाही असं ठरलं होतं. मेमध्ये टीव्हीशेजारी पेटीतला पारा 35 झाला. भाचीने स्वतःच सांगितलं, इथे नको. बाबांच्या मदतीने तिने पेटी पॅसेजमधल्या आतल्या भिंतीला हलवली. तिथून ती हॉलमधल्या पाहुण्यांना दिसत नाही.

आज वहीत तिच्या अक्षरात: "पॅसेज. दुपारी 3. पेटीत 30. नेचाला नवीन पान. आता बेडूक चालेल."