आधी दिसायला हवं

लॅपटॉपवर संगीत वाजवणाऱ्यांबद्दल एक जुना विनोद आहे: स्टेजवरचा माणूस खरंच वाजवतोय, की ईमेल बघतोय? आमच्यात तो ऐकून ऐकून गुळगुळीत झालाय, तरी मरत नाही, कारण त्यातला प्रश्न खरा आहे. माझ्या आत्याने तो ईमेलचं नाव न घेता विचारला. ती भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवते. पुण्यातल्या एका छोट्या नाट्यगृहात माझा कार्यक्रम झाल्यावर म्हणाली, "अगं, कानाला बरं वाटलं. पण तू तिथे उभी राहून करत काय होतीस? मागच्या त्या रंगीत रेषा तूच सोडत होतीस का?"

रेषा मी सोडत नव्हते. माझा एक मित्र शेजारच्या लॅपटॉपवर रिझोल्यूम हे दृश्यांचं सॉफ्टवेअर चालवत होता. किक पडली की वर्तुळं फुगायची, बेस आला की रेषा थरथरायच्या. फोटो तर फारच छान आले. पण दहा मिनिटांत लोकांना त्याची सवय होते आणि मग मोबाइल बाहेर निघतात. कारण साधं आहे. हे सॉफ्टवेअर आवाजाचे खालचे, मधले, वरचे असे पट्टे पाडतं, प्रत्येकाची पातळी मोजतं आणि तो आकडा एखाद्या आकाराला जोडतं. म्हणजे कानाने आधीच ऐकलेलं डोळ्याला पुन्हा सांगायचं. चित्र कायम आवाजाच्या मागून येतं.

गाण्याच्या मैफलीत उलटं असतं. भीमसेन जोशींच्या एखाद्या मैफलीची चित्रफीत आवाज बंद करून बघा. तान कुठे वळणार, सम कधी येणार, हे त्यांच्या खांद्यावरून, हातावरून आधी कळतं. श्रोत्याचा हात मांडीवर ताल धरून असतोच. त्यामुळे समेवर जी मान हलते ती गायकाबरोबर हलते, नंतर नाही. लॅपटॉपवर मात्र आठ मात्रांनी येणारा मोठा बदल फक्त मला ठाऊक असतो. मी माउसने एक चौकोन दाबते आणि थांबते. प्रेक्षकाला ना दाबणं दिसत, ना थांबणं.

हे कोडं माझ्या आधी पुष्कळांनी सोडवायला घेतलंय. डुसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या बँडचे वादक चार मेजांमागे जवळजवळ पुतळ्यासारखे उभे राहायचे, आणि 'द रोबॉट्स' या गाण्याला तर खरेच पुतळे उभे करायचे. पण त्याच मंडळींनी १९८१च्या दौऱ्यात 'पॉकेट कॅल्क्युलेटर' वाजवताना हातात मावणारी छोटी यंत्रं घेतली आणि पुढच्या रांगेतल्यांना बटणं दाबायला दिली. त्या दौऱ्यात ते मुंबईतही वाजवून गेले. मला त्यांच्या पुतळ्यांपेक्षा ही बटणं जास्त हुशारीची वाटतात. पुढे २००६मध्ये कोचेला महोत्सवात डाफ्ट पंक दिव्यांच्या पिरॅमिडमध्ये बसले आणि तिथून सगळ्यांना मोठ्या पडद्याचं वेड लागलं. ऑटेकर ही इंग्लिश जोडी दिवे बंद करून वाजवते, तेही मला प्रामाणिक वाटतं. पण आपल्याकडे हॉलमध्ये अंधार केला की लोक आधी "लाइट गेली का?" विचारतात आणि मग गप्पा मारतात.

मी सुरुवात टेबलापासून केली. लॅपटॉपचं झाकण प्रेक्षकांकडे पाठ करून उभं असतं, त्याच्या आड माझे हात. म्हणून लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर, खाली ठेवला. टेबल तिरकं लावलं, वरचा काळा कपडा काढून टाकला. लाँचपॅड हा आठ बाय आठ बटणांचा चौकोन. तो आडवा न ठेवता पुस्तक वाचायच्या स्टँडवर उतरता उभा केला. चौसष्टच्या चौसष्ट बटणं पेटतात-विझतात ती आता समोरच्यांना दिसतात. मला वाजवायला थोडं अडचणीचं होतं, मनगट दुखतं. पण त्यातून वेगळीच गंमत झाली. मी वापरते त्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये लूप दाबला की तो लगेच सुरू होत नाही. पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीची वाट बघतो आणि तेवढा वेळ त्याचं बटण लुकलुकत राहतं. ते लुकलुकणं मुळात वाजवणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. आता ते प्रेक्षकही बघू लागले. हिरवं बटण लुकलुकतंय म्हणजे काहीतरी येतंय, एवढं दोन गाण्यांत कुणालाही कळतं.

याच एबलटन लाइव्हच्या घडणीत वाटा असलेले रॉबर्ट हेंके स्वतः मोनोलेक नावाने वाजवतात. त्यांनी स्वतःसाठी मोनोडेक नावाचा नॉब-बटणांचा कंट्रोलर बांधला होता, म्हणजे स्क्रीनकडे टक लावून बसायला नको. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यालाच त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

दिव्यांचा प्रश्न एका नाट्यगृहातल्या लाइटवाल्या काकांनी सोडवला. मी त्यांना निळा-जांभळा, धूर, असं काय काय सांगत होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, ते सगळं करू. पण मला एक सांगा, तोंडावर मारू का हातावर?" मी म्हटलं, हातावर. त्यांनी वरून एकच पिवळसर स्पॉट टेबलावर सोडला, बाकी सगळं खाली आणलं, आणि पडद्यावरची चित्रंही मंद करायला लावली. तेव्हापासून माझ्या तांत्रिक मागण्यांच्या यादीत पहिली ओळ तीच असते.

मग वरून कॅमेरा लावायची हौस आली. माइक स्टँडला मोबाइल बांधला, वायफायवरून लॅपटॉपला जोडला आणि हात थेट पडद्यावर. तालमीत बघितलं तर बटण दाबलं की आवाज आधी आणि पडद्यावरचं बोट चांगलंच मागून. वीज आधी दिसून गडगडाट मागून आला तर कुणाला काही वाटत नाही, पण उलटा क्रम डोळ्याला सहन होत नाही. वायफाय काढलं. घरात पडून असलेला जुना हॅंडीकॅम एचडीएमआय केबलने थेट प्रोजेक्टरला जोडला, लॅपटॉप मधून वगळला. प्रोजेक्टरच्या मेनूत गेम मोड असतो, तोही सुरू केला. चित्रावरची त्याची स्वतःची प्रक्रिया त्यामुळे कमी होते. जो थोडा उशीर उरला तो मागच्या रांगांना जाणवत नाही, कारण दहा मीटर अंतर कापायला आवाजालाही सुमारे तीन शतांश सेकंद लागतातच. पुढच्या रांगेतले लोक तसेही पडदा सोडून हातच बघतात.

एवढं करूनही दहा-बारा मिनिटांचे संथ तुकडे राहिलेच. त्यांत बोट एका नॉबवर असतं आणि तो केसभर फिरतो. तिथे हात दाखवून काय दाखवणार?

त्या सुमारास कुडाळजवळ पिंगुळीला गेले होते. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी पाहायला. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात त्यांनी संग्रहालय उभं केलंय. चित्रकथीत एकेक चित्र समोर उभं करायचं आणि त्यावरचा प्रसंग गात सांगायचा. हाताने रंगवलेलं, न हलणारं चित्र. पण ते समोर आलं की बाण ताणलेला दिसतो आणि गाणं अजून तिथवर पोचलेलं नसतं. लोक चित्रातल्या बाणाकडे बघत गाण्याची वाट पाहतात. माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा त्याने वर्तुळं-रेषा टाकून दिल्या. संथ तुकड्यांना तो आता पाच-सहाच चित्रं वापरतो, आणि माझा सूर बदलायच्या बराच आधी पुढचं चित्र हळूहळू आणायला लागतो. आवाजाशी कुठलीही तार जोडलेली नाही. तो माझ्याकडे बघून हाताने करतो. तालमी मात्र दुप्पट कराव्या लागतात.

शेवटच्या भागात मी आता लाइव्ह कोडिंग करते, म्हणजे स्टेजवरच कोड लिहून संगीत वाजवते. असं वाजवणारी मंडळी २००४मध्ये हँबर्गला एकत्र आली, टॉपलॅप नावाने. स्क्रीन लपवायची नाही, सगळ्यांना दाखवायची, हा त्यांचा पहिल्यापासूनचा आग्रह. पुढे त्याच वर्तुळातून अल्गोरेव्ह निघाले, कोड लिहून वाजवलेल्या संगीतावर नाचायचे जलसे. मी अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांचं टायडलसायकल्स वापरते. पडद्यावर फक्त माझ्या ओळी असतात, मोठ्या अक्षरांत. आधी मला वाटायचं, कोड कुणाला कळणार? पुण्यात हा प्रश्न पडायलाच नको होता. सभागृहात निम्मे लोक तेच काम करून आलेले असतात. ज्यांना कळत नाही त्यांनाही चारचा आकडा खोडून आठ होताना दिसतो. आठ लिहिलेलं असतं, पण अजून लागू केलेलं नसतं. मी ओळ तशीच ठेवून दोन आवर्तनं जाऊ देते. त्या वेळात हॉलमध्ये जी चुळबुळ होते ती रेषा-वर्तुळांनी कधी झाली नाही. आत्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने मला नंतर विचारलं, "ते आठ करून एवढा वेळ थांबलीस कशाला? मी केव्हाची तयार होते."

परवाच्या कार्यक्रमात मी अशीच एक लांबलचक ओळ लिहिली, ताल तिप्पट करायची, आणि बोट एंटरकडे नेलं. टायडलमध्ये ओळ चुकली तर खाली लाल अक्षरांत एरर येते आणि जुनाच ठेका चालू राहतो, म्हणजे काही कोसळत नाही, नुसतं होणारं होत नाही. दुसऱ्या रांगेतून कॉलेजातला एक मुलगा ओरडला, "ताई, ब्रॅकेट! ब्रॅकेट राहिला!" चार-पाच जण हसले, मी कंस बंद केला, आणि तिप्पट ठेका पडला तेव्हा सगळ्यात आधी तोच उठून उभा राहिला.