डिसेंबरचे ते चार दिवस

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. कॉलेजातलं पोर सुट्टीला घरी यायचं असतं. आईने करंज्यांचं सामान आणून ठेवलेलं असतं, नाताळची उपासना, गाण्यांची प्रॅक्टिस, कुणाकडे कधी जेवायला जायचं, सगळं ठरलेलं असतं. आणि पोरगं फोनवर सांगतं, "मी सत्तावीसला निघणार. कॉन्फरन्स आहे." झालं! "चार महिन्यांनी येतोस आणि लगेच चाललास? आणि तेही प्रार्थना करायला? इथे आपल्या घरात प्रार्थना होत नाही का?"

या वादात मी नेहमी पोरांच्या बाजूने असते. त्यामुळे दोन-तीन घरांत माझं स्वागत डिसेंबरमध्ये जरा थंडच होतं. असो. माझं म्हणणं एकदा नीट मांडावं म्हणून हे लिहायला बसलेय.

आधी ही कॉन्फरन्स म्हणजे काय ते सांगते. अशा बऱ्याच आहेत, पण मला जवळून माहीत असलेली म्हणजे 'अर्बाना'. इंटरव्हर्सिटी ही विद्यार्थ्यांमध्ये काम करणारी संस्था ती भरवते, साधारण दर तीन वर्षांनी, नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधल्या दिवसांत. पहिली १९४६ च्या डिसेंबरमध्ये टोरांटोला भरली. १९४८ पासून ती इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना गावात भरू लागली आणि गावाचंच नाव तिला चिकटलं. पुढे तिथे जागा पुरेना, म्हणून २००६ साली ती सेंट लुईसला गेली, २०२२ साली इंडियानापोलिसला भरली, २०२५ साठी फीनिक्स ठरलं. नाव मात्र अर्बानाच! (कोल्हापुरी चप्पल कुठेही विकत घेतली तरी कोल्हापुरीच, तसं.)

मी गेले होते २००३ साली, अर्बाना गावातल्या शेवटच्या संमेलनाला. इलिनॉयमध्येच एम.एस. करत होते. इथल्या विंटर ब्रेकची गंमत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: डिसेंबरच्या मध्यावर परीक्षा संपतात आणि दोन दिवसांत अख्खं गाव रिकामं होतं. मेस बंद, बस कमी, लायब्ररी अर्धवेळ. ज्यांचं घर सात समुद्रापलीकडे आहे त्यांनी खोलीत बसून बर्फ मोजायचा. मी गेले त्यात धार्मिक ओढ किती आणि एकटेपणा किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. दोन्ही होतं.

सपाट शेतांवरून येणारा तो बोचरा वारा, हॉस्टेलातल्या खोल्या, जेवणाच्या लांबच लांब रांगा आणि घुमटासारख्या गोल हॉलमध्ये बसलेले हजारो विद्यार्थी. हे सगळं आठवतं, पण माझ्यावर परिणाम झाला तो या गर्दीचा नव्हे. सकाळी लहान गटात शास्त्राभ्यास असायचा. उतारा वाचायचा आणि मग गटप्रमुख, जो माझ्याहून वयाने लहानच होता, प्रत्येकाला विचारायचा, "तुला इथे काय दिसतं?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता! अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आमच्या मंडळीत मी शब्बाथशाळेत वाढले. वचनं पाठ करण्याच्या स्पर्धेत बक्षिसं मिळवली, नाताळच्या नाटकात मेंढपाळ आणि बढती मिळाल्यावर देवदूत झाले. पण पाळकसाहेब बोलणार आणि आम्ही ऐकणार, ही रीत. त्यात वाईट काही नव्हतं. पाठ केलेलं अजून कामाला येतं. पण चोविसाव्या वर्षी, घरचं कुणी आजूबाजूला नसताना, अनोळखी सात जणांसमोर "मला इथे असं दिसतं" म्हणायची वेळ आली, तेव्हा कळलं की आजीकडून आलेली वस्तू आपण अजून हातात घेऊन बघितलेलीच नाही.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. विश्वास वारशाने येतो, पण एकदा तरी तो घराबाहेर, आपल्या वयाच्या माणसांत, आपणहून घ्यावा लागतो. आणि त्यासाठी कॉलेजच्या दिवसांसारखा काळ पुन्हा मिळत नाही.

आपल्याच इतिहासात बघा. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण लक्ष्मीबाई काही त्यांच्या पाठोपाठ लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचं मन व्हायला आणखी पाच वर्षं लागली. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हेच फार भावतं, की नवऱ्याने घेतला म्हणून बाईने घेतला असं झालं नाही. तिने स्वतः ठरवलं. आपल्या त्या पिढीने काही ना काही किंमत मोजून हे निवडलं. आम्हाला ते फुकटात मिळालं, आणि फुकटात मिळालेली वस्तू कपाटात जाते.

दुसरी गोष्ट थोडी मागची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी १८०६ साली उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. पाऊस आला म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथे जगाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याची भाषा करू लागले. त्या हालचालीतून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली, आणि त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. तिथून अमेरिकन मराठी मिशन, तिथून नगर, तिथून १८४२ साली सुरू झालेला 'ज्ञानोदय', आणि तिथून आमचं घर.

पुढचा दुवा तर थेट कोल्हापूरचा आहे! रॉबर्ट वाइल्डर १८६३ साली कोल्हापुरात जन्मला, मिशनरी आईबापांच्या पोटी. प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळी सुट्टीत माउंट हर्मन इथे अडीचशेच्या आसपास कॉलेज विद्यार्थी महिनाभर शास्त्राभ्यासाला जमले होते, त्यांत हाही होता. त्याने तिथे परदेशी सेवेचा विषय लावून धरला आणि महिनाअखेर शंभर जणांनी आपली तयारी दाखवली. त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली, तिची संमेलनं भरू लागली, आणि पुढे तीही डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत येऊ लागली. अर्बाना ही त्याच परंपरेतली.

म्हणजे "सुट्टीत कसली कॉन्फरन्स?" असं जी आई विचारते, तिच्या घरात देवाचं नाव ज्या वाटेने आलं त्या वाटेवर कुठेतरी कुणा विद्यार्थ्याने सुट्टी किंवा मोकळा वेळ असाच 'वाया' घालवलेला आहे. बरं, गोष्ट एकतर्फी सांगायची नाही. मिशन आणि साम्राज्य एकमेकांच्या किती जवळ बसले होते हे आमची पोरं कॉलेजात शिकतात आणि शिकायलाच हवं. तो प्रश्न मनात असेल तर तो घेऊनच जावं. त्या हॉलमध्ये तो विचारता येतो. १९७० च्या अर्बानाला टॉम स्किनर या कृष्णवर्णीय वक्त्याने अमेरिकेतल्या वर्णभेदावर आणि त्याबद्दल चर्चने बाळगलेल्या मौनावर स्पष्ट शब्दांत भाषण केलं होतं. २०१५ साली सेंट लुईसला मिशेल हिगिन्स त्याच विषयावर बोलल्या, तेव्हा बाहेर पुष्कळ वाद झाला. पण व्यासपीठ त्यांना तिथे मिळालं होतं.

हे मी आवर्जून लिहितेय त्याला घरचं कारण आहे. माझी भाची २०१८ साली गेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, चर्चला जाणं सुटलं होतं. भांडून नव्हे, नुसतंच सुटलं होतं. ताईचा विरोध होता. फी मी भरली, नाताळची भेट म्हणून. चार दिवसांनी ती परतली आणि ताईला वाटलं तशी रोज सकाळी उठून भजनं वगैरे काही म्हणू लागली नाही. तिने आल्याआल्या नगरला आजीला फोन लावला आणि विचारलं, "आजी, आपल्याकडे लग्न ठरवताना 'मूळचे कोण' असं का विचारतात? आपण ख्रिस्ती ना?"

तिच्या गटात गोऱ्या आणि काळ्या मुली होत्या. जेवणाच्या टेबलावर एकमेकींच्या चर्चमधल्या भेदभावाबद्दल त्या उघड बोलल्या, रडल्या, आणि मग हिला विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? हिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तोंडातून निघेना. चार पिढ्या झाल्या तरी आमच्या घराघरांतून पूर्वजांची जात दबक्या आवाजात विचारली जाते, हे आम्ही सगळे जाणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाळा, आमच्या वेळी हे विचारायची सोय नव्हती." ताई माझ्यावर भडकली. "यासाठी पाठवलं होतं का तिला?" मी म्हटलं, "हो ताई, यासाठीच." महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. भाची आज तिच्या शहरातल्या एका लहानशा चर्चला जाते, ते आमच्या पंथाचं नाही. आजीला ते फारसं रुचलेलं नाही. पण ते तिने निवडलेलं आहे.

आता जाणाऱ्या पोरांना मावशीच्या नात्याने दोन शब्द.

एक, शेवटच्या रात्री काही ठरवू नका. ३१ डिसेंबरची रात्र, हजारोंबरोबर प्रभुभोजन, गाणी, बारा वाजता नवीन वर्ष! अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. जे वाटेल ते वहीत लिहा आणि फेब्रुवारीत, परीक्षेच्या धबडग्यात, पुन्हा वाचा. तेव्हाही खरं वाटलं तर पुढे बघा. माउंट हर्मननंतरच्या वर्षांत प्रतिज्ञेवर सही करणारे सगळेच काही जहाजात चढले नव्हते.

दोन, पैशांचं सोंग आणता येत नाही हे मला कळतं. फी, प्रवास, राहणं मिळून आकडा विद्यार्थ्याला जड जातो. पण मागा. मंडळीकडे मागा, मामा-मावशीकडे मागा, कॉन्फरन्सवाल्यांनाही सवलत विचारा. मागायला लाजू नका.

तीन, नाताळ घरीच करा. आईच्या हातच्या करंज्या पोटभर खा, आजीला फोन करा आणि मग निघा. एकाला पाठ दाखवूनच दुसरीकडे जायचं असं काही नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे मोठी सुट्टी दिवाळीला आणि मे महिन्यात असते, त्यामुळे विद्यार्थ्यांची शिबिरं तेव्हा भरतात. तारखा वेगळ्या, म्हणणं तेच.

आणि आयांनो, तुमचं दुःख मला समजतं. रिकामी खुर्ची चार दिवस आधीच रिकामी होते. पण पोरगं परत येईल तेव्हा त्याच्याकडे प्रश्न असतील, कदाचित तुम्हाला न आवडणारे. ते टाळू नका, त्याच्याबरोबर बसून ऐका. चहा मात्र मोठा टाका, वेळ लागतो.