खांदेमळणी

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमचे आज्जा बैलांची खांदेमळणी करीत. ऊन पाण्याने बैलाचे खांदे शेकायचे, मग हळद आणि तेल लावून तळहाताने हलके हलके चोळायचे. वर्षभर जू वाहून तिथले कातडे राठ झालेले असे. आज्जांचा हात फिरू लागला की एवढा दांडगा बैल, पण डोळे मिटून मान खाली सोडी. मी सहा-सात वर्षांची असेन. "त्याला दुखतंय काय?" असे मी विचारले, तेव्हा आज्जा म्हणाले, "दुखतंय म्हणून तर चोळायचं, बाळ. पेरणीला परत जू हायच की."

आम्ही बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. घर मराठी, घराणे ख्रिस्ती. बैलांची पूजा आमच्याकडे नसे, पण खांदेमळणी कधी चुकली नाही. हात धुऊन आज्जा कंदिलापाशी बसत आणि पवित्र शास्त्र उघडत. मग टिळकांचे एखादे भजन होई. शेजारच्या घरातून हरिपाठ ऐकू येत असे. दोन्हीकडे झांजा सारख्याच वाजत. त्या वयात मला त्यात काही निराळे वाटले नाही.

निराळे वाटू लागले ते शहरात शिक्षिका झाल्यावर. सीमाभागातल्या माणसाला आपण कोण हे पावलोपावली सांगावे लागते, हे वाचकांना मी काय सांगावे! १९५६ पासून आपल्या घराघरांतून तोच विषय आहे. २०१४ साली गावाच्या नावाची पाटी बदलली, तेव्हाही तोच होता. पण माझ्या वाट्याला या प्रश्नाचे आणखी एक टोक आले. सरकारी कचेरीत मी मराठी ठरे आणि मराठी मंडळींत ख्रिश्चन. "मग घरी इंग्रजी बोलता का?" असे लोक कौतुकाने विचारीत. कोणी मला गोव्याची समजे.

एकदोनदा समजावून सांगितले, मग कंटाळा आला. आडनाव चारचौघांसारखे मराठी, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. गप्प राहिले की कोणी काही विचारीत नसे. मी गप्प राहू लागले. रविवारी उपासनेला जाताना शाळेचा रस्ता टाळून जाऊ लागले. नाताळच्या करंज्या घरातच संपवू लागले. खोटे असे एकही वाक्य मी बोलले नाही. पण खरेही बोलले नाही.

१९९८ सालची गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबे उघडून बसलो होतो. गप्पांच्या ओघात एका बाईंनी कोणत्याशा कुटुंबाविषयी बोलताना 'बाटगे' हा शब्द वापरला आणि काहीतरी विनोद केला. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या बाई मनाने वाईट नव्हत्या. माझ्या मुलाच्या आजारपणात रात्रभर माझ्याजवळ बसल्या होत्या. पण त्या दिवशी घास माझ्या घशाखाली उतरेना. आज्जांचा कंदील डोळ्यांपुढे आला. पुढची पाच वर्षे मी ते हसू मनात वागवीत राहिले. थकवा कामाचा नव्हता. दिवसभर स्वतःवर पहारा ठेवण्याचा होता.

२००३ साली आईची स्मृती गेली. आधी दिवस-वार गेले, मग नातवंडांची नावे गेली. एका दुपारी तिने माझ्याकडे पाहून विचारले, "तू कोण गं?" मी नाव सांगितले, शाळा सांगितली, सासरचे आडनाव सांगितले. तिला कशाचीच ओळख पटेना. मला रडू फुटले. काय करावे ते न सुचून मी 'उपासना संगीत' उघडले आणि लहानपणचे एक भजन गुणगुणू लागले. दुसऱ्या कडव्याला आईचा आवाज माझ्यात मिसळला. एकही शब्द न चुकता तिने सगळे भजन म्हटले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आमचीच हाईस की!"

जे मी लपवीत होते, त्याच खुणेवरून आईने मला ओळखले.

त्या रात्री मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढला. भाराने वाकलेल्यांना प्रभू जवळ बोलावतो आणि विसावा देऊ करतो, तो भाग लहानपणापासून पाठ होता. पण विसावा म्हणताक्षणीच तो जू घ्यायला सांगतो, याकडे कधी लक्षच गेले नव्हते. विसाव्यासाठी आलेल्याच्या मानेवर पुन्हा जू कशाला? आणि मला बैल आठवला. आज्जा नवा गोऱ्हा नेहमी जुन्या, सरावलेल्या बैलाशेजारी जुंपत. ओढ जुना बैल घेई, गोऱ्हा नुसता त्याच्या चालीने चाले. मी मात्र माझे जू एकटीच वाहत होते, आणि तेही मी स्वतःच बेतलेले. खांदा सोलवटणार नाही तर काय!

मग जुनी पुस्तके बाहेर काढली. आपल्या शेजारच्या गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल मराठीत आणले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर सांगत, की तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो. मराठी आणि ख्रिस्ती या दोहोंत निवड करायला मला कोणी सांगितले होते? माझे मीच ते ठरवून बसले होते.

त्या नाताळात मी करंज्यांचा डबा शाळेत नेला. "आमच्या सणाच्या आहेत," असे सगळ्यांना सांगितले. नंतर त्या बाईंना बाजूला घेऊन म्हटले, "बाई, त्या दिवशीचा तो शब्द माझ्यासाठीही होता. आणि मी हसले, ही माझी चूक." त्यांचा चेहरा उतरला. करंजी हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पण बोलल्या काहीच नाहीत. आमचे पूर्वीसारखे गूळपीठ पुढे राहिले नाही, याचे वाईट वाटते. पण त्या रात्री मला जी झोप लागली, तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आई पुढच्या वर्षी गेली. लोक अजूनही विचारतात, कचेरीतही आणि लग्नसमारंभातही. मी आता सगळे सांगते, मराठीत सांगते. कधी कधी खांदा दुखतोही. अशा वेळी संध्याकाळी दिव्यापाशी शास्त्र उघडून बसते, आणि हळदीने माखलेला आज्जांचा तो हात आठवतो.