हैदराबादचे दोन दिवस

आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी निजामाच्या राजवटीतला एक हाली रुपया आहे. त्यावर चारमिनारचे चित्र आहे. लहानपणी मी आणि दादा आजीची नजर चुकवून तो हातात घ्यायचो अन् ‘दोन मिनार तुझे, दोन माझे’ अशी वाटणी करायचो. दर दसऱ्याला आजी तो धुऊन-पुसून पुन्हा जागेवर ठेवते.

वाचकहो, सेलूकराला हैदराबाद तसे परके नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्याकडची महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असत. आज ते शहर तेलंगणाची राजधानी, म्हणजे परराज्य. इतिहास विषय घेऊन बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मला ते फक्त पुस्तकातून ठाऊक होते. दादा मात्र चार वर्षांपासून तिथेच आहे. तो गवंडीकाम करतो.

इथे थोडे घरचे सांगायला हवे. दादा २०१६ साली दहावी पास झाला. मला पुढे पडले त्यापेक्षा त्याला जास्त गुण होते. पण ते दुष्काळाचे वर्ष. विहीर आटलेली, बैल विकलेले. ‘दोघांचं शिक्षण झेपणार न्हाई,’ असे वडील एका रात्री म्हणाले. दादा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो मोंढ्यात हमालीला गेला आणि त्याचे दप्तर माझ्याकडे आले. आत पेनाने त्याचे नाव लिहिलेले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, असे लोक कौतुकाने म्हणतात, तेव्हा मला ते नाव आठवते.

गेल्या जानेवारीत आजी म्हणाली, ‘इतिहास शिकतो म्हनतो अन् राजधानी न्हाई बघितली? दादा हाय की तिथं!’ झाले, शुक्रवारी रात्री धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन मी गाडीत बसलो. परभणी, पूर्णा, नांदेड मागे पडले. बासरजवळ गोदावरीचा पूल लागला तशा डब्यातल्या बायांनी अंधारातच नदीत नाणी टाकून हात जोडले. उजाडल्यावर पाहतो तो स्टेशनांच्या पाट्यांवरची लिपी बदललेली!

शनिवारी दादाला काम होते, म्हणून मी एकटाच सालारजंग संग्रहालय पाहायला गेलो. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी जमवलेल्या वस्तूंचे हे भांडार १९५१ साली लोकांना खुले झाले. काय नाही तिथे! इटालियन शिल्पकार बेंझोनीने १८७६ साली घडवलेली रिबेका तिथे आहे. तिच्या तोंडावरचा पदरही संगमरवराचाच, पण त्यातून चेहरा दिसतो असे वाटते. एका मोठ्या घड्याळातून दर तासाला एक चिमुकला माणूस बाहेर येऊन टोले देतो, आणि तेवढ्यासाठी माणसे वाट पाहत बसलेली असतात. युरोप मी पाहीन न पाहीन; त्या दिवशी मुसी नदीच्या काठावर थोडासा पाहिला खरा.

संध्याकाळी दादाच्या खोलीवर गेलो. पत्र्याची खोली, राहणारे पाचजण. मी उत्साहाने टिपणांची वही वाचून दाखवली अन् विचारले, ‘दादा, चारमिनार आतून कसा आहे रे?’

‘बसमधून दिसतो. आत कधी गेलो न्हाई,’ दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘उद्या खाडा करतो.’

खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. मी ‘नको’ म्हणालो; त्याने ऐकले नाही.

रविवारी सकाळी आम्ही चारमिनारपाशी उभे होतो. लहानपणीचे चित्र डोळ्यांसमोर एवढे थोरले होऊन उभे! मी सांगू लागलो, ‘मुहम्मद कुली कुतुबशहाने हा १५९१ साली बांधला. हिजरी सनाचे हजारावे वर्ष त्याच साली लागले.’ दादा ऐकत होता, पण त्याचा हात भिंतीवर फिरत होता. तो म्हणाला, ‘आतून दगुड हाय, पन वरची नक्षी चुन्याची. ओल्या चुन्यातच करावी लागती. सुकला की संपलं. ज्यानं केली त्याचा हात बघ! त्याचं नाव हाय का तुझ्या वहीत?’

मी वही चाळायचे नाटकही केले नाही. नाव नव्हतेच.

दुपारी गोवळकोंडा. औरंगजेबाने आठ महिने वेढा घालून १६८७ साली घेतलेला हा किल्ला. बाला हिसारच्या दरवाजातल्या घुमटाखाली वाजवलेली टाळी थेट माथ्यावर ऐकू जाते. आम्ही खूण ठरवली: तीन टाळ्या, थांबून एक. दादा खाली थांबला, मी साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढून धापा टाकत माथ्यावर गेलो. खाली पुष्कळ लोक टाळ्या पिटत होते. मी कान देऊन उभा राहिलो. आणि आली! तीन टाळ्या, मग एक. एवढ्या उंचावर, इतकी स्पष्ट! का कोण जाणे, माझे डोळे भरून आले. मी वर अन् तो खाली, हे काही त्याच दिवशी घडले नव्हते.

दादा वर आला तोवर मी डोळे पुसले होते. पश्चिमेला नव्या उंच इमारतींची रांग दिसत होती. त्याने बोट केले. ‘ती निळ्या काचंची दिसती का? तिच्या शेजारची. चौथ्या मजल्यापासून वरची समदी बांधनी आमच्या टोळीची. आता आत जाता येत न्हाई, पास लागतो.’

मी वही काढली. कुतुबशहाच्या पानाच्या मागच्या बाजूला त्या इमारतीचे मजले, सन आणि टोळीतल्या सातही जणांची नावे विचारून लिहिली. सगळ्यांत वर दादाचे.

दादा हसला. ‘परीक्षेला येनार हाय का हे?’

नाही येणार. म्हणून इथे लिहिले.