येतो म्हणावं

लहानपणी घराबाहेर पडताना तोंडातून ‘जातो’ निघालं की आजी उंबऱ्यावरच अडवायची. “जातो म्हणू नये, येतो म्हणावं.” शाळेची घंटा होत आलेली असायची, दप्तराचा पट्टा खांद्यावरून घसरत असायचा, तरी परत आत यायचं, देवापुढे हात जोडायचे आणि नव्यानं निघताना नीट ‘येतो’ म्हणायचं. एवढ्याशा शब्दावरून एवढा खटाटोप कशाला, हे मला तेव्हा कळत नसे. पुढे शिकलो-सवरलो आणि आजीच्या म्हणण्याला भाबडेपणा म्हणून मोकळा झालो. त्या भाबडेपणाची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती घरापासून हजारावर किलोमीटर दूर, कुंभकोणमला.

कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर इन्नंबूर नावाचं गाव आहे. कावेरीच्या पाण्यावरची भातखाचरं, मधूनमधून केळी आणि नारळ, आणि त्यांच्या पलीकडे शंकराचं जुनं देऊळ. या देवळाची महती सातव्या शतकात अप्पर आणि संबंदर या शैव संतांनी गायली, म्हणजे तेव्हाही ते नवं नव्हतं. इथल्या शंकराचं नाव एळुत्तरिनादर. एळुत्तु म्हणजे अक्षर, अरि म्हणजे जाणणं. अक्षरं जाणणारा नाथ. संस्कृतात त्यालाच अक्षरपुरीश्वर म्हणतात. शाळेत घालण्याआधी मुलांना इथे आणून भातावर अक्षर गिरवायला लावतात. आपल्याकडे धूळपाटीवर बोट फिरवायचं, तिथे साळीच्या दाण्यांवर. आणि ज्यांचं बोलणं लांबलंय, अडखळतंय, त्यांनाही याच देवासमोर आणतात.

मला याचंच नवल वाटलं होतं. अक्षरांच्या देवाकडे बोलण्याचं गाऱ्हाणं कशाला?

मला तिकडे घेऊन गेल्या त्या एक तंजावरी मराठी आजी. त्यांच्याकडे मी उतरलो होतो. एकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य राहिलं. त्या राज्याबरोबर गेलेली घरं राज्य संपल्यावर परत फिरली नाहीत. कुंभकोणमला आजही डबीर नावाचा रस्ता आहे. आसपासच्या कितीजणांना डबीर हे आपल्या दरबारी पदाचं नाव म्हणून आठवत असेल कोण जाणे, रोज तोंडात असतं एवढं मात्र खरं.

आजींची मराठी पहिल्या दिवशी मला निम्मी कळली. क्रियापदांचं वळण वेगळं, सूर सगळा तमिळ, मध्येच एखादा शब्द असा जुना की पोथीतून उठून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही काढली. तिच्यात अभंग, आरत्या, एक पाळणा. सगळं मराठी, आणि सगळं तमिळ लिपीत. देवनागरी त्यांना येत नाही. मोडी तर घरातून केव्हाच गेलेली. आता तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. म्हणजे ‘कर’, ‘खर’ आणि ‘घर’ कागदावर अगदी सारखे दिसणार. आजी ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. बोट ‘कर’वर होतं आणि तोंडून स्वच्छ ‘घर’ आलं. पुढच्या ओळीत तेच अक्षर, या वेळी ‘ग’. कुठेही अडल्या नाहीत.

“हे कसं कळतं तुम्हाला?” मी विचारलं.

त्यांना प्रश्नच समजला नाही. मग म्हणाल्या, “आई म्हणायची की.”

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. भिंतभर अक्षरं आहेत. येणारे-जाणारे त्यांच्यावरून नजर फिरवतात आणि पुढे होतात. ती अक्षरं पुसली गेलेली नाहीत, पण त्यांना तोंड नाही. आजींच्या वहीत अक्षरं परकी, अपुरी, एकाच्या जागी चौघांचं काम करणारी. आणि मराठी मात्र जिवंत. आपल्या ज्ञानेश्वरीचंही तेच. शके 1212 मध्ये ती नेवाशाला आधी बोलली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती मग उतरवून घेतली. हरिकथेनंही हाच रस्ता धरला. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला गेले, आणि पुढे तमिळ कथेकऱ्यांच्या तोंडी साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपल्या वृत्तांची नावं तिथलीच होऊन बसली.

आजींच्या घरात चार दिवस राहून मी एक खेळ सुरू केला. आमच्याकडे काय म्हणत नाहीत ते मी सांगायचं, त्यांच्याकडे काय म्हणत नाहीत ते त्यांनी. आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. त्यांच्या शेजारी ‘पूच्ची’, म्हणजे किडा. आमच्याकडे देवी आल्या म्हणत, तमिळमध्ये ‘अम्मा’ आली म्हणतात. आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, शांत करतात; तमिळ घरात दिवा ‘मलै’ चढतो, डोंगरावर जातो. आमची बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, दुकानही वाढवतात. तमिळ घरात तांदूळ संपले तरी संपले म्हणायचं नाही, ‘निरैय इरुक्कु’ म्हणायचं, म्हणजे भरपूर आहेत. रिकाम्या डब्याकडे बघत ‘भरपूर आहेत’ म्हणणारी बाई मला दिसली आणि हसू आलं. मग ते ओसरलं, कारण डबा रिकामा झाल्यावर माझी आईसुद्धा ‘तांदूळ वाढले’ म्हणायची.

माणूस गेला की आपण ‘वारले’ म्हणतो, ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो. तमिळमध्ये ‘कालमानार’ म्हणतात: ते काळ झाले. दुसरा शब्द आहे ‘तवरिट्टार’. ते चुकले, निसटले. जत्रेत हात सुटावा तसे. पहिल्या शब्दात तत्त्वज्ञान आहे, दुसऱ्यात नुसतं कुणाचं तरी रिकामं बोट. दोन्ही शब्द मेलेल्यासाठी नाहीतच. ऐकणाऱ्याला धक्का जरा हळू बसावा म्हणून आहेत. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो म्हणून घरात वाईट बोलू नये, असं आपण सांगतो. तो म्हणतो की नाही हे मला माहीत नाही. पण घरातली माणसं ऐकत असतात, आणि तीही बरेचदा तथास्तुच म्हणतात. ‘तुला काही जमायचं नाही’ हे एखाद्या पोराला दहा वर्षं ऐकवून बघा.

इन्नंबूरची गोष्ट आजींनी मला रिक्षात सांगितली. या देवळाचा हिशेब सुधन्मन नावाचा एक कारकून ठेवायचा. हिशेब चोख. पण चोळ राजाला संशय आला. सुधन्मननं वह्या दाखवल्या, राजाचं समाधान होईना. बिचाऱ्यानं शंकराला साकडं घातलं. मग शंकरच सुधन्मनचं रूप घेऊन दरबारात गेला, एकेक रक्कम समजावून सांगितली आणि परतला. नंतर खरा सुधन्मन वह्या घेऊन भीतभीत पोचला, तर राजा म्हणतो, “तू आत्ताच तर येऊन गेलास!” तेव्हा कुठे दोघांनाही उमगलं.

रिक्षा खाचरांमधून चालली होती आणि मी या कारकुनाचाच विचार करत होतो. त्याच्या वहीत एकही अक्षर खोटं नव्हतं. देवानं वहीत काही घातलं नाही, काही खोडलंही नाही. त्यानं फक्त कारकुनाच्या तोंडानं बोलून दाखवलं. खरं लिहिलेलं असूनही भागलं नाही. ते कुणीतरी समोर उभं राहून, विश्वास बसेल अशा आवाजात म्हणावं लागलं. अक्षरांच्या देवाकडे न बोलणारी मुलं का आणतात, याचा धागा मला तिथे सापडला.

देवळात पोचलो तेव्हा दारातला माणूस अगत्यानं “वांग, वांग” म्हणाला. ‘या, या’ असा अर्थ आहे हे ठाऊक असूनही माझ्या मराठी कानाला क्षणभर भरली वांगी आठवलीच. आत गर्दी नव्हती. गाभाऱ्यासमोर एक तरुण बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलगा गोरटेला, टपोऱ्या डोळ्यांचा, आणि अगदी गप्प. गुरुजींनी त्याचं बोट धरून भातावर अक्षर काढून घेतलं. दाणे बाजूला सरले, खाली ताटाचा पितळी रंग दिसला, मुलानं दुसऱ्या हाताच्या मुठीत चार दाणे धरले.

मग ती बाई त्याच्याशी बोलायला लागली. मला जेमतेम कळत होतं, पण कळायला भाषा फारशी लागत नव्हती. ती विचारी आणि तीच उत्तर देई. भूक लागली? हो, लागली म्हणे. गाडीत बसायचं? बसायचं, खिडकीपाशी. देव बघितलास? बघितला, मोठा आहे. तिच्या दोन आवाजांतला एक तिचा होता, दुसरा त्याचा. त्याचा आवाज ती जरा बारीक करून काढत होती. मुलगा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याचा चेहरा असतो तसा.

सुधन्मनचं रूप घेऊन दरबारात उभा राहिलेला देव मला दिसला तो असा. आपल्या प्रत्येकाचे पहिले शब्द आपल्यावतीनं दुसरं कुणीतरी बोललेलं असतं. ते उसने असतात. पुढे आपण ते आपले म्हणून वापरतो, त्यांनी भांडतो, क्वचित कुणाला बरं करतो, बरेचदा दुखावतो. आणि मूळ रक्कम कुणाच्या नावावर आहे ते विसरून जातो.

मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही. निघताना आईनं त्याचे हात जोडले आणि त्याच बारीक आवाजात देवाला सांगितलं, “पोय्ट्टु वरेन.” जाऊन येतो.

मी आजींकडे वळून पाहिलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. तमिळ लोक निरोप घेताना हेच म्हणतात, नुसतं ‘जातो’ म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती. पिशवी उचलली, आजींच्या पाया पडलो, आणि घाईत तोंडातून गेलंच, “बराय आजी, निघतो मी.”

आजी दारात आडव्या झाल्या. “निघतो काय? येतो म्हण.”

सूर तमिळ होता. शब्द माझ्या आजीचे होते. तिला जाऊन वीस वर्षं झाली असतील. मी पिशवी खाली ठेवली, आत वळलो, त्यांच्या देवापुढे हात जोडले.

पुन्हा कुंभकोणमला येणं होईल, याची मला खात्री नव्हती, आणि आजींचं वय पाहता त्यांनाही नसावी. म्हणजे हिशेबाच्या वहीत हा शब्द खोटा ठरला असता. पण चोख हिशेब मिटतो, आणि काही खाती मिटवायची नसतात. एखादं येणं बाकी ठेवायचं असतं.

“येतो,” मी म्हणालो.

“ये,” आजी म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.